बॅटरी साठवण आणि ईव्ही चार्जिंगची सुरक्षितता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराच्या भिंतीवरची बॅटरी, तळघरातला विजेवरच्या गाडीचा (ईव्हीचा) चार्जर आणि ग्रिडला जोडलेली बॅटऱ्यांच्या कंटेनरांची रांग, या तिन्हींबद्दलचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. नियमांच्या पुस्तकांत त्यांची प्रकरणे वेगळी असतात आणि तपासणारी खातीही वेगळी असतात, पण धोक्याचे मूळ एकच आहे. ही कुठल्याही एका देशाच्या नियमांची जंत्री नाही. नियम कशासाठी आले आणि ते वाचताना नजर कुठे ठेवायची, हे सांगायचे आहे. प्रत्यक्ष काम करताना स्थानिक नियमच लागू होतील.

लिथियम-आयन बॅटरी पेटते म्हणजे नेमके काय होते?

सेल, म्हणजे बॅटरीतला एकेक सुटा घटक, एका मर्यादेपलीकडे तापला की आतल्या रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागतात. ती उष्णता बाहेर जाण्याच्या वेगापेक्षा तयार होण्याचा वेग वाढला की गोष्ट हाताबाहेर जाते. यालाच थर्मल रनअवे म्हणतात. साधारण ८० ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ऋण इलेक्ट्रोडवरचा संरक्षक थर विघटित होऊ लागतो. १३० अंशांच्या आसपास दोन इलेक्ट्रोडांमधला पॉलिथिलीनचा पडदा वितळतो आणि आतल्या आत शॉर्टसर्किट होते. पुढे धन इलेक्ट्रोडचे विघटन सुरू होते. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारात ते साधारण २०० अंशांपुढे होते आणि त्यातून ऑक्सिजन सुटतो.

म्हणून ही आग बाहेरची हवा तोडून विझवता येत नाही. सुरुवातीचे कारण काहीही असू शकते: जास्त चार्ज होणे, शून्याखालील तापमानात चार्ज केल्याने लिथियमचा थर जमणे, चेपणे, कारखान्यात आत राहिलेला धातूचा कण. एक सेल गेला की खरा प्रश्न एवढाच उरतो की शेजारचा सेल वाचेल का. सुरक्षा नियमांचा मोठा भाग याच प्रश्नाभोवती फिरतो.

एलएफपी बॅटरी पेट घेत नाही, असे विक्रेते सांगतात. खरे का?

अर्धे खरे. लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेल अधिक तापमानापर्यंत टिकतो, त्याच्या धन इलेक्ट्रोडमधून ऑक्सिजन सहज सुटत नाही आणि उष्णताही कमी निघते. पण आतले द्रावण तेच, सेंद्रिय आणि ज्वलनशील. असा सेल बिघडला तर बऱ्याचदा ज्वाळेऐवजी नुसता वायू ओकत राहतो, आणि त्या वायूत हायड्रोजनचे प्रमाण बरेच असते. मोकळ्यावर हे परवडते, बंद खोलीत नाही. ‘सुरक्षित रसायन’ हे शब्द ऐकून वायुवीजनाचा खर्च वाचवणारा माणूस एक धोका टाळून दुसरा घरात घेत असतो.

सोडियम-आयनबद्दलही हेच सांगता येईल. द्रावण तिथेही बहुधा ज्वलनशीलच असते. जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सोडतात, म्हणून त्यांच्या खोलीला हवा खेळती ठेवण्याचा नियम जुनाच आहे.

मोठ्या साठवण केंद्रात आगीपेक्षा स्फोटाची चर्चा जास्त का होते?

कारण अग्निशमन दलाचे लोक स्फोटात जखमी झाले आणि मेले आहेत. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील सरप्राइझ या गावी १९ एप्रिल २०१९ रोजी २ मेगावॅट-तास क्षमतेच्या बंदिस्त साठवण केंद्रातून धूर येऊ लागला. आतली वायू सोडणारी अग्निशमन यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालली. ज्वाळा दिसत नव्हत्या, पण सेल एकामागून एक बिघडत राहिले आणि ज्वलनशील वायू कोंडत गेला. सुमारे तीन तासांनी दार उघडले, बाहेरची हवा आत गेली आणि स्फोट झाला. अग्निशमन दलाचे चार जण गंभीर जखमी झाले. एप्रिल २०२१ मध्ये बीजिंगमधल्या साठवण केंद्रातील स्फोटात दलाच्या दोन जवानांचा मृत्यू झाला.

सरप्राइझची यंत्रणा बिघडली नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ती सर्व्हर-रूमसारख्या जागेतल्या आगीसाठी योग्य होती, सेलच्या आत चाललेल्या क्रियेसाठी नव्हती. त्यानंतर नियमांचा रोख बदलला. अमेरिकेतील अग्निसुरक्षा संस्थेच्या एनएफपीए ८५५ या मानकात मोठ्या बंदिस्त केंद्रांसाठी स्फोट-नियंत्रण मागितले जाते. एक मार्ग म्हणजे दाब वाढताच ठरलेल्या दिशेने उघडणारी झडपांची पटले. दुसरा म्हणजे वायू जाणवताच जोरात हवा फिरवून त्याचे प्रमाण स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (ज्याखाली वायू पेट घेत नाही) २५ टक्क्यांखाली ठेवणे. दार न उघडता आत काय चालले आहे हे बाहेरून कळावे, ही अपेक्षाही त्याच अनुभवातून आली.

माहितीपत्रकावर ‘यूएल ९५४०ए उत्तीर्ण’ असे लिहिले आहे. एवढे पुरे का?

या चाचणीत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असे काही नसते. तिथेच पहिला संशय घ्यावा. यूएल या अमेरिकी चाचणी संस्थेची ९५४०ए ही मोजमापाची पद्धत आहे. एक सेल मुद्दाम थर्मल रनअवेत ढकलायचा आणि काय होते ते नोंदवायचे: किती वायू निघाला, त्यात काय होते, शेजारच्या सेलपर्यंत आग गेली का, बाजूची भिंत किती तापली. हे चार पायऱ्यांवर करता येते: सेल, मॉड्यूल (सेलांचा गट), पूर्ण युनिट आणि बसवलेली अवस्था. प्रमाणपत्र मिळते ते यूएल ९५४० या मानकाखाली, संपूर्ण साठवण प्रणालीला.

त्यामुळे विक्रेत्याला विचारायचा प्रश्न ‘चाचणी झाली का’ हा नव्हे. चाचणी कोणत्या पायरीपर्यंत झाली, कोणत्या सेलवर, कोणत्या कॅबिनेटमध्ये, आणि तुम्ही मला देत आहात तो संच तोच आहे का? सेलचा पुरवठादार मधेच बदलला, कॅबिनेटचे झाकण बदलले किंवा दुसऱ्या कंपनीचा इन्व्हर्टर जोडला, की कागद जुन्या वस्तूचा आणि वस्तू नवी, अशी स्थिती होते. अहवालाचे पहिले पान दाखवून उरलेली पाने ‘गोपनीय’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहावे. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला पूर्ण अहवाल पाहण्याचा हक्क असावा, हे माझे ठाम मत आहे.

सेलच्या पातळीवर आयईसी ६२६१९ हे आंतरराष्ट्रीय मानक आणि वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांची यूएन ३८.३ ही चाचणीमालाही पत्रकांत दिसते. यूएन ३८.३ मध्ये उंचीवरचा कमी दाब, तापमानातले चढउतार, कंपन, धक्का, शॉर्टसर्किट वगैरे आठ परीक्षा आहेत. त्या बॅटरी सुखरूप पोहोचावी यासाठी आहेत. पंधरा वर्षे भिंतीवर टांगून वापरण्याबद्दल त्या काहीच सांगत नाहीत.

कंटेनरांमध्ये किती अंतर हवे?

एनएफपीए ८५५ चा मूळ ठोकताळा असा: बॅटऱ्यांचे गट ५० किलोवॅट-तासांपर्यंतचे ठेवा आणि दोन गटांत तसेच भिंतीपासून ३ फूट, म्हणजे सुमारे ०.९ मीटर, अंतर राखा. मोठ्या आगीच्या चाचणीने आग पसरत नाही असे दाखवले तर हे आकडे बदलता येतात. आजचे कंटेनर ५० किलोवॅट-तासांच्या कितीतरी पट मोठे असल्याने व्यवहारात ही सवलतच नियम झाली आहे, आणि चाचणीच्या दर्जावर सगळे अवलंबून राहते.

चाचणी आणि जागा यांतले अंतर ऑस्ट्रेलियात जिलाँगजवळ ३० जुलै २०२१ रोजी दिसले. उभारणीच्या टप्प्यातल्या एका मोठ्या बॅटरी-युनिटमध्ये शीतकरणाच्या द्रवाची गळती होऊन शॉर्टसर्किट झाले आणि आग लागली. त्या दिवशी वारा चाचणीतल्या वाऱ्यापेक्षा बराच जास्त होता. ज्वाळा वाकून शेजारच्या युनिटच्या छतावर गेल्या, तिथल्या प्लॅस्टिकच्या झडपा वितळल्या आणि तेही पेटले. शिवाय ते पहिले युनिट किल्लीने बंद ठेवल्यामुळे त्याची देखरेख आणि काही संरक्षक यंत्रणा त्या वेळी काम करत नव्हत्या. कोणालाही इजा झाली नाही आणि आग दोन युनिटांवर थांबली, म्हणजे रचना बऱ्याच अंशी उपयोगी पडली. पण ‘बंद आहे म्हणजे सुरक्षित आहे’ ही समजूत बॅटरीला लागू नाही. मुख्य स्विच पाडला तरी सेलमधली ऊर्जा जागेवरच असते.

कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंगला १६ जानेवारी २०२५ रोजी लागलेली आग याच्या उलट बाजूचे उदाहरण आहे. तिथे जुन्या वीज केंद्राच्या टर्बाइन-गृहात, एकाच छताखाली, रॅकच्या रांगा होत्या. हजाराहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. मोकळ्यावर सुटे कंटेनर ठेवण्याकडे कल का वळला, याचे उत्तर या दोन घटना शेजारी ठेवल्या की मिळते.

मोठ्या बॅटरीची आग विझवत नाहीत, जळू देतात. हा हलगर्जीपणा नाही का?

नाही. कंटेनर मोकळ्यावर असेल आणि माणसे दूर असतील, तर जळत्या युनिटवर पाणी मारून फारसे साधत नाही. सेल बंद पेटीत असल्याने पाणी तिथवर पोहोचतच नाही. पाणी शेजारच्या युनिटांना थंड ठेवण्यासाठी वापरतात. अर्धवट विझवलेले सेल काही तासांनी, कधी काही दिवसांनी पुन्हा पेटतात, म्हणून पूर्ण जळू देणे बऱ्याचदा कमी धोक्याचे ठरते. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी घटक असतात. वाऱ्याच्या दिशेने असलेल्या लोकांना दारे-खिडक्या लावून आत राहायला सांगण्यामागे हेच कारण असते.

दोष सहसा कुठे सापडतो, सेलमध्ये?

लोकांना तसे वाटते. अमेरिकेतील ईपीआरआय ही संशोधन संस्था जगभरातल्या साठवण केंद्रांच्या अपघातांची नोंद ठेवते. २०२४ मध्ये तिने इतरांसोबत केलेल्या विश्लेषणात कारण कळलेल्या घटनांमध्ये जोडणी, उभारणी, नियंत्रण प्रणाली आणि बॅटरीभोवतीची इतर सामग्री यांचा वाटा मोठा निघाला. पुष्कळ घटना कार्यान्वित झाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत घडलेल्या होत्या. त्याच विश्लेषणानुसार बसवलेल्या क्षमतेच्या प्रमाणात अपघातांचा दर २०१८ ते २०२३ मध्ये ९७ टक्क्यांनी घसरला.

दक्षिण कोरियाने हा धडा आधीच घेतला होता. २०१७ पासून तिथे साठवण केंद्रांना वीसहून अधिक आगी लागल्या. जून २०१९ मध्ये सरकारी चौकशी समितीने विजेच्या झटक्यांपासून अपुरे संरक्षण, दमट-धुळीचा परिसर, बसवतानाचा निष्काळजीपणा आणि एकत्रित नियंत्रणाचा अभाव ही कारणे दिली. पुढच्या चौकशीने काही घटनांत बॅटरीतल्या दोषांकडेही बोट दाखवले, आणि बॅटरी किती टक्क्यांपर्यंत चार्ज करायची यावर मर्यादा आल्या. कारण एक नव्हतेच. बॅटरी एकाची, इन्व्हर्टर दुसऱ्याचा, सॉफ्टवेअर तिसऱ्याचे, सिमेंटचा चौथरा चौथ्याचा. बिघाड या चौघांच्या सांध्यात राहतो आणि प्रत्येकाचे प्रमाणपत्र मात्र आपापल्या जागी चोख असते.

घरातली बॅटरी कुठे बसवावी?

झोपण्याच्या खोलीत नाही, जिन्याखाली नाही, बाहेर पडण्याच्या वाटेवर नाही, माळ्यावर नाही. ब्रिटनचे पीएएस ६३१०० हे २०२४ चे मार्गदर्शक मानक आणि एनएफपीए ८५५ यांच्या तपशिलात फरक आहेत, पण रोख एकच: बॅटरी पेटली तरी घरातल्यांना बाहेर पडता आले पाहिजे. एनएफपीए ८५५ घरगुती वापरात एका युनिटला २० किलोवॅट-तासांची मर्यादा घालते. बाहेरच्या भिंतीवर बसवताना दारे-खिडक्यांपासून ३ फूट अंतर मागते, आणि गॅरेजमध्ये गाडीची धडक बसणार नाही असा अडथळा. बाहेरची, सावलीतली, न जळणाऱ्या पदार्थाची भिंत सर्वांत बरी. घरात धुराचे अलार्म असावेत आणि ते एकमेकांना जोडलेले असावेत.

ईव्ही साध्या सॉकेटवर चार्ज केली तर चालते का?

चालते, पण सॉकेट तासन्‌तास पूर्ण भाराने चालवण्यासाठी बनवलेला नसतो. हीटर किंवा इस्त्री मधूनमधून बंद होते. गाडी आठ-दहा तास अखंड करंट ओढते. सैल स्क्रू किंवा जुनी, ढिली पडलेली पकड असेल तर तिथला रोध उष्णता बनवत राहतो, आणि करंट मर्यादेतच असल्याने एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) पडत नाही. प्लगचा रंग बदलणे, जळका वास, हाताला चटका ही लक्षणे दिसली की चार्जिंग बंद करावे. एक्स्टेंशन बोर्डावर गाडी चार्ज करू नये. गुंडाळलेली वायर तर आणखी वाईट.

आयईसी ६१८५१ या मानकात चार्जिंगचे चार मोड आहेत. मोड १ म्हणजे नुसती केबल, कसलेही संरक्षण नाही. काही देशांत त्याला बंदी आहे. मोड २ मध्ये केबलवरच नियंत्रण पेटी असते. मोड ३ म्हणजे स्वतंत्र सर्किटवर कायम बसवलेला एसी (प्रत्यावर्ती प्रवाहाचा) चार्जिंग पॉइंट. मोड ४ म्हणजे डीसी (एकदिश प्रवाहाचे) जलद चार्जिंग. रोज घरी चार्ज करणार असाल तर मोड ३ वर खर्च करावा.

भिंतीवरचा बॉक्स म्हणजे चार्जर ना?

एसीच्या बाबतीत नाही. खरा चार्जर गाडीत असतो. बॉक्स हा गाडीशी बोलणारा, शहाणा स्विच आहे. प्लग जोडेपर्यंत त्याच्या मुख्य पिनांवर वीज नसते. कंट्रोल पायलट नावाच्या तारेवर १२ व्होल्ट असतात. गाडी जोडली की ते ९ वर येतात, गाडी ‘तयार’ म्हणाली की ६ वर, आणि मगच काँटॅक्टर (मुख्य वीज जोडणारा स्विच) मिटतो. याच तारेवरच्या १ किलोहर्ट्झच्या स्पंदांच्या रुंदीवरून गाडीला कळते की किती अँपिअर ओढायचे. सुमारे ५३ टक्के रुंदी म्हणजे ३२ अँपिअर. प्लग मधेच ओढला किंवा अर्थची तार तुटली तर हा संवाद तुटतो आणि पुरवठा थांबतो.

आरसीडी घरात आहेच, मग वेगळा कशाला?

आरसीडी म्हणजे गळतीचा करंट ओळखून पुरवठा तोडणारे साधन. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे ही गळती कधी सपाट डीसी असू शकते. नेहमीच्या ‘टाइप ए’ आरसीडीला ६ मिलिअँपिअरपर्यंतचा असा डीसी सोसतो. त्यापुढे त्याचा गाभा संतृप्त होऊ शकतो. मग खऱ्या एसी गळतीच्या वेळी तो पडेलच याची खात्री नाही. त्याच्यापेक्षा साधा ‘टाइप एसी’ इथे चालतच नाही. म्हणून चार्जिंग पॉइंटला ‘टाइप बी’ आरसीडी लागतो, किंवा ‘टाइप ए’ सोबत ६ मिलिअँपिअर डीसी ओळखून पुरवठा तोडणारे साधन. बऱ्याच बॉक्समध्ये ते आत असते, पण ‘असेलच’ असे धरू नये, मॅन्युअलमध्ये शोधावे.

पावसात जलद चार्जर वापरला तर शॉक लागेल का?

सुस्थितीतल्या चार्जरवर नाही. डीसी पुरवठा सुरू होण्याआधी प्लग कुलूपबंद होतो, केबलच्या इन्सुलेशनची चाचणी होते आणि मगच व्होल्टेज चढवले जाते. चार्जिंग चालू असतानाही इन्सुलेशनवर नजर असते. भीती बाळगायची ती फुटलेल्या प्लगची, सोललेल्या केबलची आणि गाडीने ठोकरलेल्या कॅबिनेटची.

तळघरातल्या पार्किंगमध्ये ईव्ही नकोत, अशी मागणी होते. रास्त आहे का?

भीती समजण्यासारखी आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी दक्षिण कोरियातील इंचॉनमध्ये निवासी संकुलाच्या भूमिगत पार्किंगमध्ये उभी असलेली ईव्ही पेटली. ती चार्जिंगला लावलेलीही नव्हती. आग विझायला आठ तास लागले आणि शंभरहून अधिक गाड्यांचे नुकसान झाले. पण चौकशीत दिसले की स्प्रिंकलर चालू होण्याआधीच ती यंत्रणा कर्मचाऱ्याने बटण दाबून थांबवली होती. उलट उदाहरण लंडनजवळच्या ल्यूटन विमानतळाचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली बहुमजली पार्किंग इमारत आग लागून अंशतः कोसळली, आणि समाजमाध्यमांनी लगेच ईव्हीला दोष दिला. अग्निशमन दलाच्या म्हणण्यानुसार सुरुवात डिझेल गाडीपासून झाली होती. त्या इमारतीत स्प्रिंकलर नव्हते.

आग कुठल्याही गाडीने सुरू होवो, ती पसरते शेजारी खेटून उभ्या असलेल्या गाड्यांमुळे. म्हणून बंदीपेक्षा चालू स्थितीतले स्प्रिंकलर, धूर काढणारे पंखे, चार्जरांचा पुरवठा एका जागेवरून तोडणारा स्विच आणि चार्जिंगच्या जागा प्रवेशाजवळ ठेवणे, या मागण्या अधिक कामाच्या आहेत.

दुचाकी आणि ई-सायकलींच्या बॅटऱ्या एवढ्या बदनाम का?

त्या घरात, बहुधा दाराजवळच चार्ज होतात, आणि स्वस्त चार्जर किंवा जोडकाम केलेल्या पॅकचा बाजार मोठा आहे. न्यूयॉर्क शहरात अशा आगींत माणसे दगावल्यानंतर सप्टेंबर २०२३ पासून विक्रीसाठी यूएल २८४९, २२७१ आणि २२७२ ही मानके बंधनकारक झाली. भारतात २०२२ मधल्या दुचाकींच्या आगींनंतर एआयएस १५६ हे मानक कडक करून १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केले गेले. वापरणाऱ्याने पाळायचे थोडकेच: त्याच पॅकचा चार्जर, जागेपणी चार्जिंग, आणि बाहेर पडायच्या दारापासून दूर.

मोटारींच्या पॅकसाठी ‘५ मिनिटांचा नियम’ काय आहे?

एक सेल बिघडून धोका प्रवाशांपर्यंत पोहोचायच्या किमान ५ मिनिटे आधी गाडीने इशारा द्यावा, हा संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक तांत्रिक नियमावली २० मधला आणि चीनच्या २०२० च्या जीबी ३८०३१ मानकातला निकष. म्हणजे आग लागली तरी चालेल, माणसे उतरली पाहिजेत. चीनने २०२५ च्या आवृत्तीत पुढचे पाऊल टाकले: आग नको आणि स्फोटही नको. १ जुलै २०२६ पासून नव्या मॉडेलांना ते लागू होते. त्यात पॅकच्या तळाला बसणाऱ्या आघाताची आणि वारंवार जलद चार्जिंगनंतरची चाचणीही आहे. मला हा बदल बाकी सगळ्या सुधारणांपेक्षा मोठा वाटतो.

पुरात बुडालेली ईव्ही चार्ज करावी का?

नाही, चालूही करू नये. खारे पाणी ओसरल्यावर आत राहिलेले क्षार वीज वाहून नेतात आणि गंज वाढवतात; फ्लोरिडात २०२२ च्या इयन वादळानंतर अशा गाड्या नंतर पेटल्या. गाडी मोकळ्यावर, इमारतीपासून दूर ठेवून कंपनीच्या तंत्रज्ञाला कळवावे.

गाडीतून काढलेली जुनी बॅटरी घरासाठी वापरावी का?

इतिहास माहीत असेल तर. किती जलद चार्ज झाली, अपघात झाला का, हे बाहेरून दिसत नाही. वापरलेल्या बॅटऱ्या तपासून वर्गवारी करण्याच्या प्रक्रियेसाठी यूएल १९७४ आहे. युरोपीय संघाच्या २०२३/१५४२ या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून ईव्ही बॅटऱ्यांना आणि २ किलोवॅट-तासांवरच्या औद्योगिक बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट लागेल. त्यानंतर हा प्रश्न थोडा सोपा व्हावा. हौशी जोडकामाला माझा विरोध आहे.

सॉफ्टवेअरचा सुरक्षेशी काय संबंध?

हजारो चार्जर एकाच क्षणी चालू किंवा बंद झाले तर ग्रिडला हिसका बसतो. ब्रिटनच्या २०२१ च्या स्मार्ट चार्ज पॉइंट नियमांत म्हणूनच चार्जिंग सुरू होताना १० मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक विलंब आहे, आणि प्रत्येक उपकरणाला समान, ओळखता येणारा पासवर्ड देण्यास मनाई आहे.

बॅटरी फुगली, सूं-सूं आवाज आला किंवा पांढरी वाफ दिसली तर?

बाहेर पडा, जाताना मागची दारे ओढून घ्या, आणि अग्निशमन दलाला ‘लिथियम बॅटरी’ असे स्पष्ट सांगा. ती वाफ म्हणजे नुसता धूर नाही, पेट घेणारा वायू आहे. दिव्याचे बटण दाबायला किंवा मोबाइलवर चित्रफीत काढायला आत जाऊ नका. पॅक उचलून बाहेर नेण्याचा प्रयत्न नको. आग विझल्यावर ती बॅटरी इमारतीत परत आणू नये, आणि विमा कंपनीचा माणूस पाहायला येणार असला तरी तिला उघड्यावरच ठेवावे.

बसवून झाल्यावर कोणते कागद जवळ ठेवावेत?

संपूर्ण प्रणालीचे प्रमाणपत्र, सेल आणि इन्व्हर्टरचे मॉडेल क्रमांक, अर्थिंग आणि आरसीडीच्या चाचणीचे प्रत्यक्ष आकडे, बॅटरी आणि तिचा तोडण्याचा स्विच कुठे आहे हे दाखवणारा नकाशा. नकाशाची एक प्रत दर्शनी जागी लावावी, कारण संकटात येणारा माणूस तुमच्या फायली उघडत बसणार नाही. सॉफ्टवेअरचे अद्यतन किंवा एखादा भाग बदलला तर तारीख टाकून नोंद करावी. देखभालीचा करार घेताना ‘अलार्म रात्री दोन वाजता वाजला तर तो कोणाच्या फोनवर जातो’ एवढे विचारावे, आणि उत्तर म्हणून मिळालेला नंबर सही करण्याआधी एकदा लावून पाहावा.